धंद्याला नाव ठेवायचंय, पण उद्या कोणाची नोटीस नको यायला

केजची_सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून येसर (आमटीला लावायचं भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाल्याचं पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी अन् धपाट्याचं पीठ विकतो. सुरुवात काही धंदा म्हणून नव्हती, पोरगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा सोबत येसर दिला, तो रूमवरच्या पोरांनी आठ दिवसांत संपवला आणि मग त्या पोरांच्या आयांचे फोन सुरू झाले. आता दिवाळीच्या आधी रीतसर करायचं ठरवलंय. नाव ठरलं 'मराठवाडा गावरान मसाले'. शॉप ॲक्टचा कागद निघाला, उद्यमचं सर्टिफिकेट आलं, फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबरही मिळाला, सगळीकडं हेच नाव. पाच हजार पाउच छापून आले, वरच्या खोलीत थप्पी लागलीय.
तर काल दीर म्हणाले, वहिनी नाव रजिस्टर केलं का? मी म्हणलं तीन तीन कागद आहेत की. तर म्हणे ते नाही, ते वेगळं असतं. वेगळं म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता येईना. कोणाला माहीत असेल तर सांगा. हे नाव ठेवलं तर उद्या कोणी भांडायला येणार नाही ना? आणि आमचं नाव दुसऱ्यानं उचललं तर आम्हाला काही करता येतं का?

मिरचीबाज
येसर कितीला किलो?

गंजगोलाई
ताई तीन कागद आहेत म्हणजे झालं की. आमच्या लातुरात निम्म्या दुकानांकडं तेवढे पण नाहीत. माल चांगला ठेवा, नावाला कोण विचारतंय. दीर लोकांना सवयच असते, कामाच्या टायमाला शंका काढायची.

काळा_कोट
गंजगोलाई, तुमच्या या सल्ल्यावरच आमच्यासारख्यांची घरं चालतात, म्हणून रागावत नाही.
ताई, दिरांचं बरोबर आहे. शॉप ॲक्टचा कागद सांगतो की अमुक ठिकाणी दुकान आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानं ते रजिस्ट्रेशन पण नसतं, नुसतं कळवणं असतं. उद्यम सांगतं की तुम्ही लघुउद्योग आहात. फूड लायसन्स सांगतं की तुम्ही खायचं बनवता. यातला एकही कागद देताना 'हे नाव आधी कोणाचं आहे का' असं कोणीही तपासत नाही. एकाच नावाचे दहा उद्यम नंबर निघू शकतात.
नावाचा हक्क येतो तो ट्रेडमार्कनं, म्हणजे १९९९ चा कायदा. तिथं अर्ज करायचा, तपासणी होते, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, कोणी घेतली नाही तर सर्टिफिकेट. दहा वर्षं चालतं, पुढं दर दहा वर्षांनी नवं करायचं. एकटा माणूस, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. लघुउद्योगाच्या सवलतीला तुमचं उद्यम कामाला येईल, म्हणजे तो कागद अगदीच वाया नाही.
एकूण ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि पुढचे सेवांचे. मसाला, पीठ ३० मध्ये. उद्या लोणचं सुरू केलं तर ते २९. खानावळ काढली तर ४३.
पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे. ते नाव.

केजची_सून
नावात काय वाईट आहे हो? मराठवाड्याचे आहोत, गावरान आहे, मसालेच आहेत.

काळा_कोट
तेच तर. तुम्ही नाव नाही ठेवलं, वर्णन केलंय. 'मराठवाडा' हा प्रदेश, 'गावरान' हा गुण, 'मसाले' हा माल. हे तिन्ही शब्द उद्या परभणीतल्या मसालेवाल्यालाही लागणार, जालन्यातल्यालाही. कायद्याच्या कलम ९ मध्ये हेच आहे, मालाचा प्रकार, गुण, ठिकाण सांगणारा शब्द एकट्याच्या नावावर करून देत नाहीत. वर्षानुवर्षं वापरून लोकांच्या तोंडात फक्त तुमचाच झालाय असं सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्याशी कोणी भांडायला येण्याचा धोका कमी, पण तुम्हालाही कोणाशी भांडता येणार नाही. शेजारच्या गल्लीत कोणी 'गावरान मराठवाडा मसाला' काढला तर बघत बसायचं.

खवय्या_बीड
आमच्याकडं एसटी स्टँडच्या आसपास 'गावरान' लिहिलेल्या पाट्या मोजल्या तर हाताची बोटं पुरायची नाहीत. गावरान कोंबडी, गावरान तूप, एक 'गावरान चायनीज' पण आहे, शप्पथ.

मिरचीबाज
गावरान चायनीज 😂😂 हसून हसून पुरेवाट
(येसर कितीला?)

गोदाकाठ
माझं ऐका, मी पोळलेला आहे. काही वर्षांपूर्वी परभणीला आइस्क्रीम पार्लर टाकलं होतं. एका नावाजलेल्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदलून नाव ठेवलं, तेव्हा वाटलं लै हुशारी केली. बोर्डाला लायटिंग, आतमध्ये नावाचा मोठा आरसा, वाट्यांवर पण नाव. सातव्या महिन्यात रजिस्टर पोस्टानं वकिलाचं पत्र, इंग्रजीत, अकरा पानं. पंधरा दिवसांत नाव काढा, माल नष्ट करा, हिशोब द्या. दोन रात्री झोप नाही. आमच्या वकिलानं एक वाक्य लिहून दिलं की नाव काढतोय, प्रकरण मिटलं. पण बोर्ड, आरसा, वाट्या सगळं गेलं. वाट्यांवर घरी बसून स्टिकर चिटकवले, बायको अजून टोमणे मारते. आणि गिऱ्हाईक विचारायचं, मालक बदलले का हो.

काळा_कोट
@गोदाकाठ, एक अक्षर बदलण्याचा डाव लै जुना आहे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, निकाल १९६२ चा. कोर्टानं दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरं मोजली नाहीत. साध्या माणसाला नाव अर्धवट आठवत असतं, तो दुकानात गेल्यावर फसेल का, असं बघितलं. आणि फसू शकतो म्हणाले. आज पण तीच मोजपट्टी आहे. कानाला सारखं वाटलं तरी पुरतं.

निवृत्त_मास्तर
पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आडनाव लिहायचं, पुढं 'आणि सन्स' किंवा 'बंधू' लावायचं, झालं दुकान.

हलवायाचा_नातू
मास्तर, त्या 'बंधू'वरच तर बोलायचंय मला. आमचीच गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.
आजोबांनी पेढ्याचं दुकान टाकलं, आडनावानं चालायचं. आजोबा गेले, तीन भाऊ, म्हणजे माझे वडील आणि दोन चुलते. शेतीची वाटणी झाली, घराची झाली, कढया सुद्धा मोजून वाटल्या. नावाची वाटणी करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मोठ्या चुलत्यानं जुनी जागा घेतली आणि पाटी लावली 'मूळ'. वडिलांनी समोरच्या बाजूला टाकलं, पाटी 'जुने'. धाकट्यानं बायपासला टाकलं, त्यानं लिहिलं 'एकमेव'. आणि तिघांच्याही पाटीवर खाली लाल अक्षरात 'आमची कोठेही शाखा नाही'.
दहा वर्षं असंच चाललं, दिवाळीला एकमेकांकडं फराळ पण जायचा. मग एका चुलतभावानं गुपचूप ट्रेडमार्कचा अर्ज केला, एकट्याच्या नावानं. जर्नलला छापून आलं तेव्हा आम्हाला कळालं, ते पण एका ओळखीच्या सीएनं सांगितलं म्हणून, नाहीतर चार महिने कधीच निघून गेले असते. आम्ही हरकत घेतली. अजून चालूये. आजोबांच्या हाताची १९६८ पासूनची वहीखाती, खव्याची बिलं, त्या वेळचं दुकानाचं लायसन्स, सगळं माळ्यावरच्या पेटीतून काढलं, निम्म्याला वाळवी. दिवाळीचा फराळ बंद झालाय.

गंजगोलाई
बाप रे. 'मूळ, जुने, एकमेव', तिघं पण खरंच बोलायलेत म्हणा.

काळा_कोट
वहीखाती काढली हे लै चांगलं केलंत. या कायद्यात पहिला रजिस्टर करणाऱ्यापेक्षा पहिला वापरणारा मोठा, कलम ३४. सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा'चा निकाल आहे. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान, एक दिवा लावून संध्याकाळी हलवा विकायचे म्हणून ते नाव पडलं. दुसऱ्यानं त्यात गावाचं नाव जोडून दुकान काढलं, त्याच्याकडं रजिस्ट्रेशन पण होतं. तरी आधीपासून वापरणारं घर जिंकलं. आपलं स्वतःचं नाव-आडनाव प्रामाणिकपणे वापरायलाही कायदा अडवत नाही, पण एकाच आडनावाची तीन दुकानं असली की प्रामाणिकपणा कोणाचा, यावरच तारखा पडत राहतात.

पुण्यातला_उदगीरकर
पहिला वापरणारा जिंकतोच असं काही नाही हां वकीलसाहेब. पुण्याचं बर्गर किंग घ्या. हॉटेल १९९२ पासूनचं. अमेरिकन कंपनी २०११ ला कोर्टात गेली, भारतात तिचं पहिलं दुकान तर २०१४ ला आलं. २०२४ च्या जुलैत पुण्याच्या जिल्हा कोर्टानं कंपनीचा दावा फेटाळला. आम्ही पुणेकर म्हणून (उदगीरचे असलो तरी) पार्टी केली. आणि त्याच वर्षी हायकोर्टानं सांगितलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलनं ते नाव वापरायचं नाही. मग २०२५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या आदेशालाच स्थगिती दिली.

काळा_कोट
बरोबर, ती मनाई पण तात्पुरतीच होती, शेवटचा निकाल नाही. पण एवढी वर्षं कोर्टात आणि वर नावावर टांगती तलवार, म्हणजे मुद्दा तुमचाच खरा. म्हणून आधी शोधायचं, मग पाउच छापायचे. (सॉरी ताई.)

केजची_सून
😔 पाच हजार आहेत हो.

सीए_जालना
ताई एवढं टेन्शन घेऊ नका. फर्मचं नाव आणि मालावरचं नाव एकच असलं पाहिजे असं कुठंही नाही. मोठमोठ्या कंपन्यांचं कंपनीचं नाव कोणाला माहीत नसतं, ब्रँड माहीत असतो. तुमचे तिन्ही कागद 'मराठवाडा गावरान मसाले' याच नावावर राहू द्या. वर ब्रँड म्हणून एक वेगळा शब्द घ्या आणि त्याचा ट्रेडमार्क करा.
जाता जाता, कोणी 'प्रायव्हेट लिमिटेड करा म्हणजे नाव पक्कं' असं सांगितलं तर ऐकू नका. कंपनीचं नाव सरकारनं मंजूर केलं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. उलट ट्रेडमार्कवाल्यानं तीन वर्षांच्या आत तक्रार केली तर कंपनीला नाव बदलायला लावता येतं.

तुळजाईचा_भक्त
मग देवीचं नाव ठेवा की. आई तुळजाभवानी, कुणाची हिंमत आहे नोटीस पाठवायची.

काळा_कोट
नोटीस कोणी पाठवणार नाही, पण तुम्हालाही कोणाला पाठवता येणार नाही. देवाधर्माची नावं सगळ्यांची असतात. २०१५ लाच सुप्रीम कोर्टात उदबत्तीवरच्या 'रामायण' या नावाचं प्रकरण झालं, ग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क चालणार नाही म्हणाले. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा या रस्त्यांवर देवाच्या नावाची हॉटेलं बघा, एकमेकांचं काही करू शकत नाहीत. चुकीचं काही नाही, पण ब्रँड म्हणून कच्चं.

शिवबाचा_मावळा
महाराजांचं नाव तरी चालेल का मसाल्याला? आपल्या जिल्ह्याच्या नावातच आता छत्रपती आहे.

काळा_कोट
जिल्ह्याचं नाव पत्त्यात लिहा, बिनधास्त. पण छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यानं बंदी आहे, केंद्र सरकारची परवानगी लागते. महात्मा गांधींचं नाव पण त्याच यादीत. आणि पाट्यांचा जो मराठी नियम २०२२ ला बदलला, त्यात दारू मिळते तिथं महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं ठेवायची नाहीत हेही आहे.

गंजगोलाई
त्या नियमानंच आमच्या इथल्या एका परमिट रूमचं नाव बदललं. किल्ल्याचं होतं, आता मालकाच्या नातवाचं आहे. नातू सहा वर्षांचा 🙏

निवृत्त_मास्तर
पाटी मराठीत आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला पण आता लागू आहे. हे ताईंच्या कामाचं आहे म्हणून लिहितो, धागा भरकटू नये.

हिमरू
अवांतर होईल पण राहवत नाही. माझं साड्यांचं छोटं दुकान आहे, लोक म्हणतात 'पैठणी' हे नाव स्वतःच्या नावावर करून टाक. कसं करू? पैठणीला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव) आहे, ते कोणा एकाचं नाहीच. ताई, तुम्ही पाकिटावर हळदीचं काही छापलंय का? वसमत हळदीला २०२४ ला जीआय मिळालाय.

केजची_सून
अहो छापलंय ना! "वसमतच्या अस्सल हळदीने युक्त". आणली पण तिथूनच आहे, खोटं नाही, मावसबहीण दिली आहे वसमतला.

हिमरू
तिथूनच आणली असेल तर बिलं जपून ठेवा. फक्त 'वसमत हळद' हा आपला ब्रँड असल्यासारखं मोठ्या अक्षरात नको. हळदच वेगळी विकायची झाली तर त्यांच्या संस्थेमार्फत अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. लातूरकडं पण आता बरीच नावं आहेत बघा, बोरसुरीची तूर, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच. आणि बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, दगडी ज्वारी, केसर आंबा.

खवय्या_बीड
जेवायच्या आधी हा धागा उघडायला नको होता.

गंजगोलाई
मला अजून पटलेलं नाही. खेड्यातून दोन बाया मसाला करायलेत, महिन्याला शंभर किलो पण नसेल. एवढे कायदे दाखवून घाबरवायलात कामून? आधी धंदा उभा राहू द्या. ट्रेडमार्क काढून मसाला विकला जात नाही.

सीए_जालना
अर्ध पटतं मला तुमचं. पैसे कमी असतील तर पहिले मशीनला, मग ट्रेडमार्कला. पण शोधायला पैसे लागत नाहीत. आणि पहिल्या दिवसापासून बिलबुक छापायचं, त्यावर ब्रँडचं नाव, तारीख, नंबर. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली तरी बिल फाडायचं. उद्या 'आम्ही कधीपासून वापरतोय' हे दाखवायला तीच बिलं लागतात. अर्जात आधीपासूनचा वापर लिहिला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. हलवायाच्या नातवाला विचारा वाळवी लागलेल्या वहीची किंमत.

हलवायाचा_नातू
+१. आणि एक, अर्जात ईमेल स्वतःचा द्या, एजंटचा नको. आम्ही आमच्या नमकीनच्या नावाचा वेगळा अर्ज केला होता, तपासणीचा रिपोर्ट आला, उत्तराला तीस दिवस असतात, पत्र एजंटच्या मेलवर आलं आणि तो लग्नसराईत. स्टेटस बघितलं तर 'ॲबँडन्ड', म्हणजे अर्ज सोडून दिला असं धरलेलं. परत पहिल्यापासून.

केजची_सून
शोधायचं कसं ते सांगा. मोबाईलवर होतं का?

काळा_कोट
होतं, पण कॉम्प्युटरवर बरं पडतं. ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर पब्लिक सर्च आहे, फुकट. वर्ग ३० टाका, नाव इंग्रजी अक्षरात टाका. आधी 'वर्डमार्क', मग 'फोनेटिक' म्हणजे उच्चारानं सारखी नावं. स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदलून बघा, मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकजण आपापलं करतो. २९ आणि ४३ पण चाळा. मग गूगल, इन्स्टाग्राम आणि डोमेन. रजिस्टर नसलेला पण जुना वापरणारा तिथंच सापडतो, आणि तोही 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे माझ्या नावावर स्वतःचा माल खपवतोय असा दावा लावू शकतो.
नाव मराठीत असेल तर अर्जात उच्चार आणि अर्थ इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागतो. आणि आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा, लोगोचा नंतर. शब्द मिळाला की अक्षराचं वळण कसंही बदला, हक्क शब्दावरच राहतो.

पुण्यातला_उदगीरकर
चला आता नावं सुचवा रे. माझ्याकडून 'माळवद', म्हणजे जुन्या घराचं मातीचं सपाट छप्पर. कुरडया, पापड, मिरच्या सगळं माळवदावरच वाळायचं. पुण्या-मुंबईत फारसं कोणाला माहीत नाही, म्हणजे शब्द आपलाच.

खवय्या_बीड
माळवद भारी! पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक 'मालवणी मसाला' समजून माशाला वापरेल. इंग्रजीत लिहून बघा, मोबाईल स्वतःच मालवण करतो.

निवृत्त_मास्तर
'उतरंड' कसं वाटतं? मडक्यांची उतरंड, सगळ्यात खालच्या मडक्यात डाळी.

हिमरू
मास्तर शब्द सुंदर आहे, पण हल्ली 'उतरंड' म्हणलं की आधी जातीची उतरंड आठवते. मसाल्याच्या पाकिटावर नको.

गोदाकाठ
'बळद'! घरात धान्य साठवायचं बळद.

सीए_जालना
गुजरातीत बळद म्हणजे बैल. बघा बुवा.

मिरचीबाज
नाव काय पण ठेवा. किलो कितीला.

केजची_सून
रात्री दोघी बसून बघितलं. मनातल्या पहिल्या चार नावांना सर्चमध्ये पानंच्या पानं निघाली, 'आई' असलेलं तर काही विचारूच नका. मग धाकटी हसत म्हणाली, आपण दोघी जावा करतोय तर 'जावाजावा' ठेवा. आधी चेष्टाच वाटली पण सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. सासूबाईंना पण आवडलं. पाव तास बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या "मला कुठं घातलं नाही त्यात".

पुण्यातला_उदगीरकर
जावाजावा 😂 आमच्या ऑफिसात निम्मे लोक दिवसभर जावाच (ती कॉम्प्युटरची भाषा) लिहितात, सगळे गिऱ्हाईक होतील.

गंजगोलाई
मला तर जावा मोटरसायकल आठवली. आमच्या मामांकडं होती, किक उलटी मारली की पिंढरी फोडायची. ते नाही का येणार भांडायला?

काळा_कोट
आता हा खरा प्रश्न विचारलात. मोटरसायकलचा वर्ग १२, मसाल्याचा ३०. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, शब्दाचा अर्थ वेगळा. कर्नाटकात दूध संघाचं 'नंदिनी' आणि हॉटेलवाल्याचं 'नंधिनी' असं भांडण होतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हॉटेलवाल्याच्या बाजूनं निकाल दिला. दोन्ही खाण्यापिण्याच्या लाइनमध्ये असून. पण सर्वपरिचित झालेल्या ब्रँडना दुसऱ्या वर्गातही संरक्षण मिळू शकतं, म्हणून नुसतं 'जावा' कधीच लिहू नका. कायम 'जावाजावा', एकत्र, एकाच टायपात. चित्रात गाडी, चाक असलं काही नको, दोन बायका आणि जातं घ्या. अर्थाच्या रकान्यात 'दोन भावांच्या बायका' लिहा. मसाल्याचं वर्णन नाही, देवाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. वर्ग ३० मध्ये सर्च नीट करून घ्या, मोकळं असेल तर मला आवडलं.
आणि सर्टिफिकेट हातात येईपर्यंत नावापुढं टीएम लिहायचं, गोलातला आर (रजिस्टर झाल्याची खूण) लावायचा नाही.

हलवायाचा_नातू
ताई राग मानू नका, एक विचारू? अर्ज कोणाच्या नावानं करणार?

केजची_सून
माझ्याच की. उद्यम माझ्या नावानं आहे, कागद सगळे माझ्याकडंच आहेत.

हलवायाचा_नातू
नाव 'जावाजावा' आणि मालक एकच जाऊ.

काळा_कोट
😶 मी हेच लिहायला आलो होतो. दोघींच्या नावानं करा, संयुक्त मालकी चालते. नाहीतर भागीदारी करा आणि करारात एक परिच्छेद फक्त नावावर लिहा. पुढं वेगळं व्हायचं झालं तर नाव कोण वापरणार, दुसरीला किती द्यायचे, नावात काहीतरी जोडून दुसरं दुकान काढता येईल की नाही. आत्ता गोडीत आहात तोवर अर्ध्या तासाचं काम आहे.

केजची_सून
आमच्यात कधी भांडण नाही हो. सतरा वर्षं एका चुलीवर आहोत. असलं लिहून घेतलं तर तिला काय वाटेल?

हलवायाचा_नातू
आमच्यात पण कढया मोजून वाटल्या तेव्हा सगळे हसतच होते.

धाकटी_जाऊ
आत्ताच खातं उघडलं इथं. अक्का, मला काही वाटणार नाही. लिहून घ्या. येसर भाजायचं प्रमाण पण लिहून घ्या, ते फक्त माझ्याकडंच आहे 😄

खवय्या_बीड
धागा वसूल.

केजची_सून
बरं बाई. दोघींच्या नावानं. सोमवारी सीएकडं जातोय, सर्चचे प्रिंट घेऊन. बिलबुक आजच टाकलं छापायला, शंभरच, आता शहाणी झालेय. पण मंडळी, त्या पाच हजार पाउचांचं काय करू ते कोणीच सांगितलं नाही. सगळ्यांवर 'मराठवाडा गावरान मसाले' आहे.

काळा_कोट
वापरा की. वर्णन म्हणून ते चालतंच, कोणी अडवत नाही. वरच्या मोकळ्या जागेत 'जावाजावा'चा स्टिकर ठळक लावा, खाली 'मराठवाडा गावरान मसाले' राहू द्या. हळदीची ओळ बारीक अक्षरात असेल तर ठीक.

गोदाकाठ
स्टिकर चिटकवायला माणूस लागला तर सांगा, अनुभव आहे. बायकोला पण पाठवतो.

केजची_सून
😂 या दोघं. जेवूनच जायचं, येसराची आमटी करते.

मिरचीबाज
आता पाचव्यांदा नाही विचारणार. चौथ्यांदाचंच उत्तर द्या. किलो कितीला?

धाकटी_जाऊ
पाव किलोचं पाकीट असतं भाऊ. भाव अक्काला विचारा, माझ्याकडं नुसतं प्रमाण.